वहिवाटीचा हक्क

गेल्या महिन्यात एका मुंजीनिमित्त सिल्वाशास जाणे झाले. पंगती उठल्या, मंडळी विडे लावीत सावलीत बसली, आणि तिथल्याच एका कारखान्यात नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने एकाएकी विचारले, "मामा, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? उजवे की डावे?" मी म्हटले, "बाबा रे, मी जुन्या वळणाचा माणूस." "म्हणजे उजवेच!" असे म्हणून तो मोकळा झाला. माझे मात्र त्या उत्तराने समाधान झाले नाही.

या विषयात मराठीची पहिली अडचण शब्दाचीच आहे. आमच्या लहानपणी वृत्तपत्रे इंग्लंडातील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षास 'हुजूर पक्ष' आणि लेबर पक्षास 'मजूर पक्ष' म्हणत. यमक सुरेख जुळले, पण जुने राखणे म्हणजे वरच्यांची हुजरेगिरी, असा समज त्याबरोबर रुजला. त्याआधी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि सुधारक यांच्यात जो वाद पेटला, त्याने जुन्या-नव्याची सारी चर्चा घरातील रूढींपाशी बांधून ठेवली. परिणामी राज्यकारभारात सबुरीने बदल करू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे धड नावच उरले नाही. तो सनातनी ठरतो, नाहीतर धनिकांचा कैवारी. राजाजींनी 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढून अशा माणसाला घर देऊ केले. 1967 मध्ये त्या पक्षाचे 44 खासदार निवडून आले, आणि 1974 मध्ये तो पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

असो. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा त्या गावातच शोधावे असे मला वाटले, कारण जुने कशाला म्हणावे आणि ते का राखावे, याचा खटला सिल्वाशावरून थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता. मौज अशी की, त्या खटल्यात आपली मराठी कागदपत्रेही साक्षीस उभी होती.

1779 मध्ये पेशवे सरकार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला व पोर्तुगिजांना वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. त्यानुसार 1783 मध्ये नगर हवेलीची आणि 1785 मध्ये दादऱ्याची गावे त्यांच्याकडे गेली. पावणेदोनशे वर्षांनी, 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, स्वयंसेवकांनी हे प्रदेश मुक्त केले. सिल्वासा 2 ऑगस्टला मुक्त झाले. दमणहून इकडे यायचे तर मधला मुलूख भारताचा, आणि भारताने ती वाट रोखून धरलेली. तेव्हा पोर्तुगालने 1955 च्या डिसेंबरात हेगला दाद मागितली की, वाट वापरण्याचा आमचा हक्क भारताने डावलला.

12 एप्रिल 1960 चा निकाल मला फार विचार करण्याजोगा वाटतो. न्यायाधीशांनी आधी कागद पाहिले. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. सार्वभौमत्व नव्हे, असे त्यांनी ठरविले. हेगसारख्या ठिकाणी 'सरंजाम' या शब्दाचा कीस पडावा, हे आमच्या मोडी वाचणाऱ्या पूर्वजांच्या स्वप्नातही आले नसेल! पण न्यायालय कागदापाशी थांबले नाही. इंग्रजी अमदानीपासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीज नागरिक, मुलकी अधिकारी आणि सामान त्या वाटेने अखंड ये-जा करीत आले, म्हणून तेवढा हक्क वहिवाटीने सिद्ध झाला. सैन्य आणि शस्त्रे मात्र दर वेळी परवानगी घेऊनच गेली, म्हणून त्यांचा हक्क नाही. आणि 1954 च्या तणावाच्या परिस्थितीत भारताने वाट रोखली, त्यातही काही गैर नाही.

ज्याच्या शेजाऱ्याशी बांधावरून कधी भांडण झाले आहे, त्या कोणाही मराठी माणसास हा न्याय चटकन समजेल. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या व्यवहारात काही शहाणपण आणि काही हक्क साठलेला असतो, तो एका फटकाऱ्याने पुसू नये, हीच तर परंपरानिष्ठ राजकारणाची मूळ बैठक. पण वहिवाट नेमकी किती आणि कशाची, हे बारकाईने पाहावे लागते. जे जुने ते सगळेच चालू द्या, असे न्यायालयाने म्हटले नाही.

आता त्या लढ्यातील माणसे पाहा. एका बाजूला सालाझार: धर्म, कुटुंब आणि जुनी व्यवस्था यांचा रक्षक म्हणवून घेणारा हुकूमशहा. दुसऱ्या बाजूच्या स्वयंसेवकांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे. एकाचा जीव गीतरामायणात रमलेला, दुसऱ्याचा शिवचरित्रात. या दोघांना कोणी परंपरेचे वैरी म्हणेल काय? तरी बंड त्यांनीच केले. आणि बंडानंतरही जुने सरसकट जाळले गेले नाही. 1961 मध्ये हा प्रदेश भारतात विलीन करणाऱ्या कायद्याने तिथले चालू कायदे बदल होईपर्यंत तसेच ठेवले, आणि मुक्तीनंतर कारभार पाहणारी वरिष्ठ पंचायतही राखली. ही सबुरी मला त्या बंडाइतकीच मोलाची वाटते.

परंतु या साऱ्या कागदांत वारली, कोकणा आणि धोडिया कुठे आहेत? गावे पेशव्यांनी दिली, पोर्तुगिजांनी घेतली. त्या रानात नांगर धरणाऱ्यास कोणी विचारले नाही. पोर्तुगीज काळातील जमीनधारणेच्या पद्धती मोडण्यास 1971 चा जमीनसुधारणा विनियम यावा लागला, आणि रानातील कसणुकीस हक्क म्हणण्यास 2006 चा वनहक्क कायदा. या दुसऱ्या कायद्यास पुष्कळ लोक डाव्यांचे खूळ समजतात. मला तो अस्सल जुन्या वळणाचा कायदा वाटतो. सनद नसलेल्या माणसाची वहिवाट तो मान्य करतो. फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडलेल्या एडमंड बर्कनेच वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविला होता, हे आपण विसरतो. कंपनीने हिंदुस्थानातील जुनी घराणी आणि रीतिरिवाज पायदळी तुडविले, हा त्याचा संताप होता. दुबळ्याची वहिवाट दिसली की ज्याचे डोळे मिटतात, त्याला मी परंपरानिष्ठ म्हणणार नाही. तो खरा हुजूर पक्ष.

आणि आज? आज परंपरेचे नाव घेणारेच मला सर्वांत घाईत दिसतात. नावे बदलायची, सीमा बदलायच्या, आणि तेही लगोलग. 26 जानेवारी 2020 रोजी दादरा-नगर हवेली हा वेगळा केंद्रशासित प्रदेश संपला व दमण-दीवला जोडला गेला. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचे असेलही. (ज्या वाटेसाठी पोर्तुगाल हेगला गेले, तिची दोन्ही टोके आता एकाच प्रशासनाखाली आली, हाही एक योगायोग!) पण 1954 पासून आपले वेगळे नाव सांगणाऱ्या मुलखाचे ते नाव जोडनाव झाले, तेव्हा हळहळण्याचे काम कोणाचे होते? ते माझ्यासारख्यांचे; आणि आम्ही गप्प होतो.

भाचा मला वापी स्टेशनावर सोडावयास आला, तेव्हा वाटेत हे सारे मी त्यास ऐकविले. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, वारल्यांचे ऐकून वाटते, तुम्ही डावेच!"

तेवढ्यात गाडी आली.