कॅल्शियम म्हणजे फक्त हाडं आणि दात?



"कॅल्शियम कशासाठी लागतं?" असं वर्गात विचारून बघा. "हाडं आणि दात!" असं उत्तर एका सुरात येईल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. माझं स्पष्ट मत आहे की उरलेलं अर्धंही आपण मुलांना सांगायला हवं.

कॅल्शियम हा पेशींचा निरोप्या आहे. मेंदूच्या पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर त्याचं प्रमाण सुमारे १०,००० पट जास्त असतं. पेशीपटलातली दारं क्षणभर उघडली की थोडं कॅल्शियम आत शिरतं. हाच निरोप! काम झालं की पेशीतले पंप ते पुन्हा बाहेर काढतात.

खरी गंमत पेशी वाढत असतानाची आहे. गाबा नावाचं रसायन मोठ्या मेंदूत पेशींना शांत करतं. पण कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त असतं, म्हणून तिथे तेच गाबा पेशीला उत्तेजित करतं आणि कॅल्शियम आत येतं. या काळात कॅल्शियमच्या लाटा शेजारच्या अनेक पेशींतून एकदम पसरतात. उंदराच्या पिल्लाचे डोळे उघडण्याआधीच त्याच्या दृष्टिपटलात अशा लाटा उठतात आणि डोळा व मेंदू यांची जोडणी नीट बसवायला मदत करतात. पुढे पेशी पक्व झाली की निरोप नेमका होतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या एखाद्या फुगवट्यापुरताही तो राहू शकतो. पहिलीचा वर्ग एका सुरात पाढे म्हणतो आणि मोठ्या वर्गात ज्याला प्रश्न विचारला तोच उत्तर देतो, तसंच काहीसं!

मग जास्त कॅल्शियम दिलं तर मूल हुशार होईल का? पालकहो, इथेच आपण फसतो. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पातळीवर राखतं. कमी पडलं तर ते हाडांतून काढून घेतं. म्हणून दूध, नाचणी, तीळ मुलांना जरूर द्या, पण बुद्धी वाढेल या आशेने डॉक्टरांना न विचारता गोळ्या देऊ नका. पेशींची ती दारं डब्यातल्या पावडरीने उघडत नाहीत. मूल बघतं, ऐकतं, खेळतं, करून पाहतं, तेव्हा मेंदूत हे निरोप सुरू होतात.

पुढच्या वेळी हा घटक शिकवताना हाडांच्या चित्राशेजारी मेंदूची एक पेशीही फळ्यावर काढा. मुलं प्रश्न विचारतील. विचारू द्या.