तंबू घेण्याआधी अंगणात लावून पाहा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या वस्तीतल्या पोरांचे एक टुमणे सुरू होते. पूर्वी मामाच्या गावाला जायचे असायचे, आता भंडारदऱ्याला जायचे असते. त्यातून देवळाली प्रवरेत आपल्या लोकांकडेही चार-सहा जुन्या गाड्या आल्या आहेत. कोणाची ओम्नी, कोणाची अल्टो. गाडी आली की फिरणे आले आणि फिरणे आले की मुक्कामाचा प्रश्न आला. पाच माणसांना हॉटेलात दोन खोल्या घ्यायच्या म्हटले तर महिन्याचा किराणा एका रात्रीत संपतो. मग कोणीतरी म्हणते, एक तंबूच घेऊन टाकू. गेल्या काही दिवसांत तीन घरांनी आम्हाला विचारले, कोणता तंबू घ्यावा? आम्हाला विचारण्याचे कारण आमची विद्वत्ता नव्हे. तंबू घेऊन आम्ही कसे फसलो हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, म्हणून.

आपल्या लोकांना उघड्यावर रात्र काढण्याचे नवल नाही. सहा डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपण जातो तेव्हा सतरंजी टाकू तिथे घर. पण हे सगळे कार्यक्रमाचे प्रवास. नुसते पोरांना डोंगर दाखवायला, म्हाताऱ्या आईला पाण्याकाठी बसवायला बाहेर पडणे आपल्या आधीच्या पिढीला कुठे ठाऊक होते? १९०१ साली लहानगे भीमराव भावाभाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकून ती पोरे निघाली. जवळ खायला असूनही पाण्यावाचून त्यांना रात्री नाक्यावर उपाशी झोपावे लागले. बाबासाहेबांनीच ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. म्हणून स्वतःचे छप्पर आणि स्वतःचे पाणी घेऊन सहकुटुंब निघणे, ही आमच्या लेखी नुसती हौस नाही. आणि म्हणूनच ते छप्पर गळके निघू नये.

आता आमची फजिती सांगतो. आम्ही आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासली, पण स्वतःच्या पैशाने तंबू घेताना डोळे झाकले. शहरातल्या एका दुकानदाराने पिशवीतून एक चकतीसारखी वस्तू काढली आणि हवेत भिरकावली. खाली पडेपर्यंत तिचा तंबू झाला! धाकटा टाळ्या पिटायला लागला. दुकानदार म्हणाला, “साहेब, चार माणसांचा आहे, बाई-माणूससुद्धा लावील.” आम्ही पैसे मोजले.

मेअखेरीस काजवे पाहायला निघालो. दाजींची ओम्नी होती. दाजी, आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि आई. राहुरी फॅक्टरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करीत शेंडीला पोचायला दुपार झाली. पोरांना धरण दाखवले. १९२६ साली पुरे झालेले हे विल्सन धरण. आपल्याकडच्या कालव्याला येणारे पाणी इथून सुटते हे सांगितले तेव्हा थोरली म्हणाली, “म्हणजे पप्पा, आपलं पाणी इतक्या लांबून चालत येतं?” त्या एका प्रश्नासाठी सहल सार्थकी लागली असे वाटले.

एका घराच्या पडवीजवळ, मालकाला विचारून, तंबू लावला. दोन सेकंदांत लागला, खोटे कशाला बोलू? आई वाकून आत डोकावली आणि म्हणाली, “आरं, ह्यात जायचं का रांगायचं?” गुडघे दुखणारी बाई ती. कशीबशी आत बसवली. जमीन ओली लागू नये म्हणून आम्ही हुशारीने घरची मोठी ताडपत्री खाली अंथरली होती. ती चारी बाजूंनी हात-हातभर बाहेर आली होती. रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला आणि वळवाचा पाऊस आला. तंबूवरून ओघळलेले सगळे पाणी ताडपत्रीने झेलले आणि बरोबर आमच्या अंथरुणाखाली आणून सोडले. वरून शिवणीतून थेंब पडायला लागले ते वेगळे. आई आणि मुलांना गाडीत नेऊन बसवले. आम्ही, दाजी आणि मुलांची आई पडवीत भिंतीला टेकून उजाडण्याची वाट पाहत राहिलो.

सकाळी तंबू घडी होईना! दोन सेकंदांत उघडणारी वस्तू तासाभरात मिटली नाही. एकीकडून दाबावे तर दुसरीकडून फणा काढी. शेवटी तो तसाच दोरीने गाडीच्या टपावर बांधला आणि संगमनेरच्या रस्त्याने लोक बघत राहिले.

घरी आल्यावर आमच्या लक्षात आले की दोष एकट्या तंबूचा नव्हता. आम्ही ‘सोपा’ या शब्दाचा अर्थच चुकीचा लावला होता. दुकानात चटकन उघडतो तो सोपा, असे आम्ही धरले. खरे तर सोपा तंबू तो, जो घरातले कोणीही अंधार पडता पडता वाऱ्यात लावू शकेल, ज्यात म्हातारे माणूस न रांगता जाईल, जो रात्रभर कोरडा ठेवील आणि सकाळी मुकाट पिशवीत जाईल. या चारही गोष्टी दुकानात विचारायच्या असतात. आम्ही एकच पाहिली.

किती माणसांचा? पिशवीवर ‘चार माणसांचा’ लिहिलेले असते ते माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपतील असे धरून. माणशी जेमतेम दोन फूट रुंदी. म्हणून घरात पाच माणसे असतील तर सहाचा किंवा त्याहून मोठा पाहावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे तंबूची लांबी-रुंदी लिहून आणावी, अंगणात खडूने आखावी आणि त्यात घरच्या सतरंज्या टाकून सगळ्यांना एकदा झोपवून पाहावे. फुकटची परीक्षा आहे.

उंची आणि दार. मध्यभागी सहा फुटांच्या आसपास उंची असली तर बायकांना उभ्याने कपडे बदलता येतात आणि म्हाताऱ्यांना कंबर मोडून शिरावे लागत नाही. मात्र उंच तंबूला वारा जास्त लागतो, त्याला ताणाच्या दोऱ्या नीट हव्यात. दार मोठे हवे आणि मच्छरजाळीची चेन आतून-बाहेरून दोन्हीकडून सरकायला हवी.

कापड एकेरी की दुहेरी? आमचा एकेरी होता. रात्रभरात पाच माणसांच्या श्वासातून लिटरभर तरी पाणी बाहेर पडते. एकेरी कापडावर ते आतून साचते आणि अंगावर ठिबकते. माणसाला वाटते, तंबू गळतो. दुहेरी तंबूत आत जाळीची खोली आणि तिच्यावर थोडे अंतर सोडून पावसाची चादर असते. वाफ जाळीतून बाहेर जाते आणि चादरीवरून ओघळते. कापडावर ‘मिलिमीटर’चा आकडा असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर कापड पाझरते, त्याचा तो आकडा. वरच्या चादरीला २,००० आणि तळाला ३,००० असेल तर आपले काम भागते. तळाला जास्त हवे, कारण त्यावर आपले गुडघे आणि कोपर दाबतात. चादर उलटी करून शिवणी पाहा. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. ती नसेल तर बाकीचे आकडे व्यर्थ.

हे एवढे का पाहायचे? आपल्या राहुरी तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच प्रवरेच्या उगमाकडे, घाटघर-रतनवाडीला, त्याच्या कित्येक पट पडतो. अंगणातल्या सरीला टिकलेला तंबू तिथल्या पावसाला टिकेलच असे नाही. भर पावसाळ्यात कुटुंब घेऊन तिकडे तंबूत राहूच नये, असे आमचे मत आहे.

लावायची रीत. बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला आमच्यासारखा, भिरकावून उघडणारा. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ नावाने असा दोन सेकंदांचा तंबू २००५ साली आला आणि मग तशा नमुन्याचे पुष्कळ आले. यात बरे-वाईट दोन्ही आहेत, पण मिटण्याची युक्ती हाताला बसल्याशिवाय तो घेऊ नये. शिवाय त्याची मोठी चकती छोट्या गाडीच्या डिकीत बाकी सामानाला जागा ठेवत नाही. दुसरा छत्रीसारखा. वरची कळ ओढली की काड्या ताठ होतात. घाईच्या माणसाला चांगला, पण कळ मोडली तर घरी दुरुस्त होत नाही. तिसरा साधा घुमटाचा. दोन-तीन लवचिक काड्या एकमेकींवरून आडव्या घालायच्या. याला दहा-पंधरा मिनिटे लागतात, पण काडी मोडली तर तेवढीच बदलता येते. चौथा पंपाने हवा भरायचा. तो जड आणि महाग, आपल्या खिशाचा नाही.

आम्ही दुसऱ्यांदा घेतला तो तिसऱ्या प्रकारचा, दुहेरी, सहा माणसांचा. घेण्याआधी दुकानातच मुलांच्या आईला आणि थोरलीला लावायला सांगितले. आम्ही आणि दुकानदार हाताची घडी घालून उभे राहिलो. पहिल्या वेळी वीस मिनिटे लागली. घरी अंगणात तिसऱ्या वेळी बारा. दोघींनी मिटूनही दाखवला, तेव्हा पैसे दिले. सगळा भार घरच्या पुरुषावर असेल तर तो तंबू सोपा कसला?

खुंट्या आणि जमीन. तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत कशाबशा चालतात, पण डोंगराकडच्या मुरमात वाकतात. लोहाराकडून वीतभर लांब लोखंडी खुंट्या करून घ्याव्यात. ठोकताना खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले हवे. ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे रात्री लघवीला उठलेले पोर अडखळून पडत नाही. दोरी गाडीला मात्र बांधू नका, सकाळी कोणीतरी विसरून गाडी काढते. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे लहान असावी. आमची आख्खी रात्र या एका वाक्याच्या अज्ञानात गेली.

आता जिवाच्या गोष्टी. तंबूत स्टोव्ह, शेगडी किंवा मेणबत्ती पेटवू नये. कापड पेटते ते एक आणि कोळशाचा विषारी वायू झोपेतच माणूस मारतो ते दुसरे. गाडीचे इंजिन चालू ठेवून तंबूशेजारी उभी करू नये. वीज कडाडू लागली तर सगळ्यांनी गाडीत बसून काचा लावाव्यात, तंबू विजेपासून वाचवत नाही. ओढ्याच्या पात्रात किंवा धरणाच्या अगदी पाण्याशी तंबू लावू नये, पाऊस झाला की पाणी रातोरात वर सरकते. चपला आत घ्याव्यात आणि घालताना झटकाव्यात, विंचवाला चप्पल फार आवडते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे काजव्यांवर बॅटरी मारायची नाही, जाळ करायचा नाही आणि कचरा परत गाडीत आणायचा. जागा वापरण्याआधी गावात विचारावे आणि त्यांचे जे होईल ते द्यावे.

घरी आल्यावर तंबू एक दिवस दोरीवर वाळवून मगच घडी करा. ओला बांधून ठेवला की बुरशी लागते आणि पुढच्या मेमध्ये पिशवी उघडवत नाही.

शेवटी पैशाचे. वर्षातून एकदा वापरायच्या वस्तूसाठी एका घराने हप्ता काढावा, हे आमच्या वाणिज्य शाखेच्या बुद्धीला पटत नाही. पहिल्यांदा जाताना तंबू भाड्यानेच घ्या. भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत जेवणासकट मिळतो. एक रात्र झोपून पाहिल्यावर आपल्या घरच्यांना हे मानवते की नाही ते कळते. मानवले तर चार घरांनी मिळून एक चांगला तंबू घ्यावा आणि एका वहीत कोणी कधी नेला, काय मोडले, हे लिहावे. आमच्या गल्लीत तसे ठरले आहे. तंबू आमच्याकडे, खुंट्या दाजींकडे, वही थोरलीकडे.

यंदा आईला विचारले, येणार का? म्हणाली, “आधी अंगणात लाव. मी एक रात्र निजून बघते, मग सांगते.” परवा रात्री तिने पाहिले. उभ्याने आत गेली, नातवाला कुशीत घेतले आणि सकाळी चहा आतच मागितला. तंबू पास झाला असे आम्ही समजतो.