नवी बॅटरी घेण्यापूर्वी

बडोद्याहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांच्या मोटारसायकलची बॅटरी दिवाळीत बदलली; ती होळीपर्यंतही टिकली नाही. दुकानदार म्हणतो, "बॅटरी उत्तम होती, गाडीतच दोष आहे." मिस्त्री म्हणतो, "गाडी ठणठणीत आहे, बॅटरीच वाईट निघाली." खरे कोणाचे मानावे, असे त्या विचारतात. आमचे मत असे की, तोंडी सांगण्यावर दोघांचेही मानू नये. या वादाचा निकाल आकड्यांनी लागतो, आणि ते आकडे दाखविणारे मल्टिमीटर नावाचे छोटे यंत्र विजेच्या सामानाच्या दुकानात दोनतीनशे रुपयांत मिळते.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही, साठविते. वीज निर्माण होते ती इंजिनात. तेथे तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. मिस्त्री लोक त्यांना 'कॉइल प्लेट' म्हणतात. त्यांच्याभोवती इंजिनाबरोबर लोहचुंबकाचे चक्र फिरते आणि वीज उत्पन्न होते. ही वीज उलटसुलट दिशांनी वाहणारी असल्यामुळे बॅटरीच्या कामाची नसते. रेक्टिफायर तिला एका दिशेस लावतो आणि रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेत ठेवतो. बहुतेक गाड्यांत हे दोन्ही एकाच डबीत असतात. घरातील पाण्याचा रांजण डोळ्यांपुढे आणावा. तो सकाळी रिकामा दिसला, तर तीन कारणे संभवतात : रांजण फुटका आहे, नळाला पाणी येत नाही, किंवा रात्री कोणी तोटी उघडी ठेवली आहे. नळाकडे न पाहता नवा रांजण विकत आणणारी गृहिणी आम्ही पाहिली नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही नेमके हेच करतात.

प्रथम रांजण तपासू. गाडी रात्रभर उभी असावी. मल्टिमीटर एकदिश विजेच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून त्याची तांबडी तार बॅटरीच्या धन टोकास व काळी ऋण टोकास लावावी. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात व प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडे अधिक दाखविते. १२.४ असेल तर ती पाऊणएक भरलेली समजावी. १२ च्या खाली आली तर जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्जरवर ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपासच घुटमळत असेल, तर सहांपैकी एक घर मेले आहे. आता यंत्र लावलेले ठेवूनच सेल्फचे बटण दाबावे. आकडा क्षणभर खाली येणारच; पण तो साडेनऊच्याही खाली कोसळला, तर आतील पत्रे थकले आहेत. अशी बॅटरी खुशाल बदलावी.

आता नळाकडे वळू. बॅटरी नवी बसविल्यावर ही परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. इंजिन सुरू करून हळूहळू गती वाढवावी. बॅटरीच्या टोकांवरील आकडा १२.६ वरून चढत जाऊन १४ ते १४.५ च्या आसपास स्थिरावला, तर सर्व ठीक. काही लहान गाड्यांत तो किंचित कमी असतो. गाडीबरोबर आलेली पुस्तिका पाहावी. आकडा जागचा हललाच नाही, तर बॅटरीत वीज जातच नाही. उलट तो १५ च्या वर चढला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीतील पाणी उकळून उडते, कधी तिचे पोट फुगते, कधी सडक्या अंड्यासारखा दर्प येतो. अशा गाडीत कितीही बॅटऱ्या घाला, प्रत्येकीची तीच गत होईल.

आकडा न चढल्यास लगेच कॉइल बदलावयास काढू नये. पुष्कळदा दोष अगदी क्षुल्लक असतो : टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, सैल स्क्रू, उडालेला फ्यूज, किंवा वायरींच्या जोडाचा काळा पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. नंतर टोके कोरडी करून, आवळून वर थोडे व्हॅसलीन लावावे. हे सर्व ठीक असूनही आकडा चढत नसेल, तर कॉइलकडून येणारा जोड सोडून तपासणी करावी लागते. मोठ्या गाड्यांत तेथे बहुधा तीन पिवळ्या तारा असतात. इंजिन चालू असताना कोणत्याही दोन तारांमधील उलटसुलट विजेचा दाब तिन्ही जोड्यांत सारखा भरावा आणि इंजिन बंद असताना कोणत्याही तारेचा गाडीच्या सांगाड्याशी संबंध येऊ नये. एक जोडी कमी भरली, तर कॉइल जळालेली आहे. तिन्ही सारख्या भरल्या, तर संशय रेक्टिफायरच्या डबीवर. हे काम मिस्त्रीने करावे, परंतु ते समोर उभे राहून करून घ्यावे.

येथे एका जुन्या सवयीविषयी लिहिणे अवश्य आहे. डायनॅमोच्या काळातील मिस्त्री इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढून पाहत. इंजिन बंद पडले नाही, तर डायनॅमो चांगला असा निर्वाळा देत. अजूनही काही हात ही परीक्षा करतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. बॅटरी हा दाबाचे चढउतार पचविणारा भागही आहे. ती मध्येच दूर केली की दाब एकदम उसळतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण संगणकी डबीने नियंत्रित होते. ती जळाली, तर तिच्या किमतीपुढे बॅटरीचा खर्च काहीच नाही.

राहिली उघडी तोटी. मागाहून बसविलेली चोरघंटा किंवा मोबाइलचे सॉकेट किल्ली बंद असतानाही थोडी थोडी वीज पीत असते. हिशेब सोपा आहे. ५ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ५० मिलिअँपिअरची गळती असेल, तर १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत, बॅटरी रिकामी. गळती ५ मिलिअँपिअर असेल, तर चाळीस दिवस. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर पुण्यास अथवा कोकणात जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे; जाताना ऋण टोकाची तार सोडून जावे. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर पत्र्यांवरील शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

बदलण्याची रीत थोडक्यात. किल्ली काढून घ्यावी. काढताना आधी ऋण टोक, मग धन. बसविताना आधी धन, मग ऋण. कारण असे की, बहुतेक गाड्यांचा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. ते टोक सोडलेले असेल, तर धन टोकाचा स्क्रू फिरविताना पाना सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ उदबत्ती-विडी नको.

भगिनींच्या बॅटरीचे काय झाले असावे? प्रत्यक्ष न पाहता ठाम सांगता येत नाही, पण आमचा संशय दुकानातील घाईवर आहे. आम्ल भरावयाची बॅटरी असेल, तर ते भरल्यावर अर्धा तास ठेवून, मग क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्ध्या अँपिअरने, कित्येक तास चार्ज करावी लागते. ग्राहक उभा असतो म्हणून ती दहा मिनिटांत बसवून दिली जाते आणि जन्मभर अर्धपोटी राहते. बंद प्रकारची बॅटरी भरूनच येते. पण फळीवर पडून तीही उतरते. म्हणून दुकानातच दाब मोजून घ्यावा, १२.५ पेक्षा कमी भरल्यास दुसरी मागावी आणि तिच्यावरील उत्पादनाच्या तारखेची खूण वाचून दाखवावयास सांगावे. आम्लाच्या बॅटरीची श्वासनळी दुमडलेली नाही व तिचे तोंड साखळीवर येत नाही, हेही पाहावे. पुढे तिच्यात पाणी घालावे ते शुद्ध केलेले, नळाचे नव्हे.

जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता दुकानातच परत करावी. तिच्यातील शिसे पुन्हा कामास येते म्हणून किमतीत सूट मिळते, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळविले जाते तेथील लहान मुलांना त्याची बाधा होते. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घ्यावी, आणि त्याच्याच मागे त्या दिवशी मोजलेले दोन आकडे लिहावेत : गाडी बंद असतानाचा आणि चालू असतानाचा. बडोद्याच्या दुकानदारापुढे ठेवावयास असा कागद असता, तर आमच्या भगिनींना पत्र लिहावे लागले नसते.