पातळ लॅपटॉप आणि तगडे कार्ड : नाव नव्हे, वॅट विचारा

आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांच्या हातात आता वही-पेन्सिलीच्या जोडीला लॅपटॉप आला आहे. भरतकामाचे पंचिंग करणारा, लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग करणारा, फ्लेक्स छापणारा, कपाटाचे चित्र आधी पडद्यावर दाखवून मगच लाकडाला हात घालणारा सुतार, अंगठीचा साचा कॉम्प्युटरवर घडवणारा दागिन्यांचा कारागीर, या सर्वांची रोजी काही अंशी त्यावर चालते. ही आनंदाची गोष्ट आहे. पण रंधा घेताना आपण तो हातात धरून पाहतो, कात्री घेताना धार तपासतो. लॅपटॉप घेताना मात्र ही पारख कुठे जाते कोण जाणे! वहीसारखा पातळ लॅपटॉप आणि त्यावर मोठ्या ग्राफिक्स कार्डाचे स्टिकर दिसले की लाख-दीड लाख रुपये मोजून आपण मोकळे होतो.

पातळ लॅपटॉपमध्ये ताकदीचे ग्राफिक्स कार्ड बसते का, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. कार्ड बसते, पण त्याची पूर्ण ताकद बसत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्या पूर्ण ताकदीची गरजही नसते. म्हणून नाव पाहून पैसे देणे हा दुहेरी तोटा आहे.

हे मत पुस्तकी नाही. माझा भाचा सोलापुरात लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो. बहिणीने भिशीचे पैसे दिले, त्याने स्वतःची बचत घातली आणि लॅपटॉप आणला. मोठ्या हौसेने मला दाखवत म्हणाला, "मामू, हे बघा, जाडी दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. आणि आत कार्ड तेच, जे मोठ्या मशीनमध्ये असते." थंडीत काम ठीक चालले. मे महिन्यात लग्नाचा हंगाम आला आणि मशीन रडू लागले. पंखे जात्यासारखे घरघरत, कीबोर्डला हात लावला तर चटका बसे आणि तासाभराचे काम दोन तासांवर जाई. दोन लग्नांचे व्हिडिओ उशिरा गेले, एका पार्टीने पैसे कापून घेतले. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथे विचारले तर उत्तर मिळाले, "गरमीत असेच चालते." शेवटी दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने खरे काय ते सांगितले, "भाई, तुमच्या मशीनमध्ये बिघाड काहीच नाही. या मॉडेलमध्ये कार्डाला वीजच कमी दिली आहे." ही गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नव्हती आणि घेणाऱ्याने विचारली नव्हती.

अडचण जागेची नाही, उष्णतेची आहे

लोकांना वाटते की कार्ड मोठे असते, म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये मावत नाही. वास्तविक असे नाही. डेस्कटॉपचे कार्ड विटेएवढे दिसते, पण त्यातला बराचसा भाग पंखे आणि धातूच्या पाकळ्यांचा असतो. खरे काम करणारी चिप लहानशी असते. लॅपटॉपमध्ये तीच किंवा तिच्या जातीची चिप मदरबोर्डवर कायमची डाग देऊन बसवलेली असते. ती मावते, यात शंका नाही.

पण ही चिप जेवढी वीज खाते, तेवढी सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकते. १०० वॅट वीज घेतली की १०० वॅटची शेगडी पेटली असे समजा. ती उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पाकळ्यांपर्यंत न्यायची आणि पंख्याने बाहेर फेकायची. भट्टीला भाता लागतो, चुलीला धुराडे लागते, तसेच हे आहे. लॅपटॉप जितका पातळ, तितका पंखा लहान, पाकळ्या आखूड आणि हवेची वाट अरुंद. मग चिप तापते आणि ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. दुकानात दोन मिनिटे चालवून पाहिले तर हे दिसत नाही. अर्धा तास सतत काम दिल्यावर दिसते.

आता आपल्या हवामानाचा हिशोब पाहा. चिपला साधारण ८७ अंशांपर्यंत तापू दिले जाते असे धरा. खोलीत २५ अंश असतील तर चिप आणि हवा यांत ६२ अंशांचा फरक राहतो, आणि या फरकावरच उष्णता बाहेर जाते. सोलापूर, मालेगाव, नांदेडच्या मे महिन्यात खोलीत ४३ अंश झाले की फरक उरतो ४४ अंशांचा. म्हणजे तोच पंखा, त्याच पाकळ्या जवळजवळ ३० टक्के कमी उष्णता बाहेर टाकतील. थंड खोलीत तपासलेले मशीन आपल्याकडे का दमते, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

एकच नाव, वेगळे माप

आता नावाची गोष्ट. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड २०२५ साली आले. डेस्कटॉपच्या कार्डात २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटपर्यंत वीज. त्याच नावाच्या लॅपटॉपच्या कार्डात १०,४९६ कोअर, २४ जीबी मेमरी आणि मूळ मर्यादा ९५ ते १५० वॅट. नाव एकच, पण कोअर निम्म्याहून कमी आणि वीज चौथ्या हिश्श्याच्या आसपास. ज्याने नाव वाचून "तेच कार्ड" म्हटले, त्याची फसगत इथेच झाली.

बरे, दोन लॅपटॉपांतही सारखेपणा नाही. आपल्या बाजारात भरपूर विकल्या गेलेल्या लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा उत्पादकाला आहे. स्टिकर दोन्हीवर तेच. एक जाड आणि स्वस्त, एक पातळ आणि महाग. अनेकदा महागाचेच कार्ड कमी काम करते, कारण तिथे पैसे जातात ते देखणेपणाचे आणि हलकेपणाचे.

पूर्वी निदान खूण तरी असे. २०१७ साली एनव्हिडियाने पातळ लॅपटॉपसाठी मॅक्स-क्यू ही पद्धत आणली. त्या वर्षी जीटीएक्स १०८० मॅक्स-क्यू कार्ड घेऊन १७.९ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप बाजारात आला. झाकण उघडले की हवेसाठी त्याचे बूडही किंचित उघडत असे. खरेदीदाराला मॅक्स-क्यू या शब्दावरून कळे की हे कमी विजेचे कार्ड आहे. २०२१ मध्ये कार्डाच्या नावातून हा शब्द गेला. टीका झाल्यावर कंपनीने लॅपटॉप उत्पादकांना वॅटचा आकडा जाहीर करण्यास सांगितले. तो आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधला तर सापडतो. पण दुकानातल्या पाटीवर तो क्वचितच असतो.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वीज निम्मी केली म्हणून काम निम्मे होते असे नाही. मोटारसायकल ४० वरून ८० च्या वेगाला नेली तर पेट्रोल दुपटीहून जास्त जळते. चिपचेही तसेच आहे, शेवटचा थोडासा वेग मिळवायला फार वीज लागते. म्हणून कमी वॅटचे कार्डही बऱ्यापैकी काम देते. पातळ लॅपटॉप बनवणारे सगळे लबाड आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोन किलोच्या आत एवढी ताकद बसवणे हे मोठे हुनर आहे. आमची तक्रार आहे ती माप न सांगण्याची.

कोणाला काय लागते?

आपल्या धंद्यापुरते पाहू. हिशोब, जीएसटीची बिले, पंचिंग, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचे डिझाईन, फोटोचे काम, यांना मोठे कार्ड लागतच नाही. तिथे प्रोसेसर चांगला हवा, रॅम १६ जीबी हवी आणि पडद्याचा रंग खरा हवा. अशा बांधवाने कार्डावर ४०-५० हजार जास्त घालणे म्हणजे सायकलच्या दुकानासाठी ट्रक घेणे होय.

व्हिडिओ मिक्सिंगला कार्ड उपयोगी पडते, पण व्हिडिओ उलगडण्याचा आणि बांधण्याचा भाग मधल्या दर्जाच्या कार्डातही असतो. रंगाचे जड काम नसेल तर मध्यम कार्ड पुरते. थ्रीडी रेंडरिंग करणारा सुतार, इंटिरियरवाला आणि दागिन्यांचा डिझायनर यांचे मात्र वेगळे आहे. त्यांचे मशीन तासन् तास पूर्ण जोरात चालते. त्यांना वॅट लागतात, आणि वॅट जाड मशीनमध्येच मिळतात.

बॅटरीवर कार्ड चालेल ही आशाही ठेवू नये. विमानात १०० वॅट-तासांवरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून लॅपटॉपची बॅटरी त्याच्या आतच ठेवतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून १६० वॅट खाऊ लागले तर ९० वॅट-तासांची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपेल. तसे होऊ नये म्हणून चार्जर काढताच मशीन स्वतःच कार्डाचा जोर उतरवते. गावोगाव फिरणाऱ्याला आणि जिथे वीज जाते तिथल्या माणसाला लॅपटॉप हवाच, हे आम्ही मान्य करतो. पण त्यासाठी हलका, साधा लॅपटॉप पुरेसा आहे. जड कामाला दुकानात डेस्कटॉप ठेवावा. त्याचे कार्ड चार वर्षांनी बदलता येते. लॅपटॉपचे कार्ड बदलता येत नाही, पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅमसुद्धा बदलता येत नाही. ज्याला एकच मशीन परवडते आणि रेंडरिंगही करायचे आहे, त्याने अडीच सेंटिमीटर जाडीचा लॅपटॉप घेण्यात कमीपणा मानू नये.

घेताना तीन गोष्टी कराव्यात. पहिली, या मॉडेलमध्ये कार्डाला किती वॅट दिले आहेत ते विचारावे आणि उत्तर उत्पादकाच्या कागदावर पाहावे. दुसरी, चार्जर उलटा करून त्यावरचा वॅटचा आकडा वाचावा. चार्जरच १०० वॅटचा असेल तर कार्ड ११५ वॅट सतत घेऊ शकणार नाही, हे सांगायला इंजिनीअर नको. तिसरी, आपलेच काम पेन ड्राइव्हवर नेऊन अर्धा तास चालवून पाहावे. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान आहे.

आणि घेतल्यानंतर जपावे. मशीन गादीवर ठेवू नये. खालची छिद्रे बंद होतात. मागची बाजू थोडी उंच करावी. सोलापूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे मागाजवळ बसून काम करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण कापसाचे तंतू पंख्यात आणि पाकळ्यांत नमद्यासारखे बसतात. वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावे.

शेवटची गोष्ट विकणाऱ्या बांधवांसाठी. आपल्या समाजातली पुष्कळ मुले कॉम्प्युटरच्या विक्रीत आणि दुरुस्तीत आहेत. गिऱ्हाइकाला वॅट ठाऊक नसतात, आपल्याला ठाऊक असतात. कापडवाला मीटरमध्ये बोटभर कमी देऊ लागला तर त्याला आपण काय म्हणतो? नाव मोठे सांगून माप झाकणे त्याहून वेगळे नाही. पाटीवर किमतीच्या शेजारी वॅटचा आकडा लिहायला एक पैसाही लागत नाही. जो दुकानदार हे आधी करेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.

माझ्या भाच्याने तो लॅपटॉप विकला नाही. विकायला गेला असता तर निम्मेच पैसे आले असते. आता तो त्यावर लग्नाच्या मांडवात फुटेज उतरवून घेतो आणि मिक्सिंग घरच्या जुन्या डेस्कटॉपवर करतो. त्यात कार्ड नंतर घातले, तेही वॅट विचारून. पण भिशीचे जे पैसे नुसत्या स्टिकरपायी गेले, ते परत आले नाहीत. वाचकांपैकी निदान काहींचे वाचले तर या लेखाचे काम झाले.