200 पैकी 214 गुण कसे? सामान्यीकरणाचं गणित समजून घ्या

तलाठी भरतीचा निकाल जानेवारी 2024 मध्ये लागला. 200 गुणांच्या परीक्षेत एकाला 214 गुण दिसले आणि घोटाळ्याची चर्चा सुरू झाली. पण नुसत्या या आकड्यावरून घोटाळा सिद्ध होत नाही.

ही परीक्षा 2023 मध्ये 57 सत्रांत झाली. साडेआठ लाखांवर उमेदवार बसले. दर सत्राला पेपर वेगळा, कुणाला सोपा तर कुणाला अवघड. काळ्या रानातलं आणि मुरमाड रानातलं सोयाबीन नुसत्या क्विंटलवर मोजून चांगला शेतकरी ठरत नाही, तसंच हे. म्हणून गुण एका पातळीवर आणतात. त्यालाच सामान्यीकरण म्हणतात.

त्याची एक साधी रीत बघा. हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. तुमच्या सत्राची सरासरी 90 आणि गुणांचा पसारा 30. तुम्हाला 180 पडले, म्हणजे सरासरीच्या वर तीन पसारे. सगळ्या सत्रांची मिळून सरासरी 100 आणि पसारा 35 असेल, तर तुमचे गुण 100 अधिक 105, म्हणजे 205. झाले की नाही 200 च्या वर?

एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनमध्ये पर्सेंटाइल वापरतात. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातले 95 टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढाच अर्थ.

खरी मेख पुढे आहे. हे सगळं गणित, सगळ्या सत्रांत सारख्याच तयारीची पोरं बसली, असं धरून चालतं. एखाद्या सत्रात हुशार पोरं जास्त आली, तर पेपर सोपा होता असं गणिताला वाटतं आणि त्यांचेच गुण कापले जातात. दोन्ही पेपरांत काही प्रश्न सारखे ठेवले तर हा फरक ओळखता येतो, पण मग पेपर फुटायची भीती वाढते.

भरतीत अर्ध्या गुणावर नोकरी जाते. त्यामुळे मागणी नेमकी हवी. शक्य तिथे परीक्षा एकाच दिवशी, एकाच पेपरवर घ्या. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रयागराजला पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा उत्तर प्रदेशच्या आयोगाने पीसीएस पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घ्यायचं मान्य केलं. जिथे ते जमत नाही, तिथे सूत्र जाहिरातीतच द्या आणि निकालाबरोबर मूळ गुण, सत्राची सरासरी आणि पसारा जाहीर करा. मग आपला हिशेब पोरं स्वतःच मोबाइलवर तपासून घेतील.