आडवे, उभे आणि सामान्य ज्ञान

आपल्या वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्रांची कोणती पाने आधी चुरगळतात ते पाहा. पहिले पान संध्याकाळपर्यंत कोरे करकरीत असते. चुरगळलेले असते ते क्रीडापान आणि शब्दकोड्याचे पान. एका कोड्यावर तीन डोकी वाकलेली असतात आणि चौथा लांबूनच उत्तर ओरडत असतो. तरीही कोडे सोडवणे म्हणजे वेळ घालवणे आणि सामान्य ज्ञानाची प्रश्नोत्तरे पाठ करणे म्हणजे अभ्यास, असा समज आपल्यात पक्का आहे. तो कॅडेटांमध्ये आहे, पालकांमध्ये आहे आणि आम्हा शिक्षकांमध्येही आहे. माझे मत उलट आहे. सामान्य ज्ञान कसे मिळवावे, हे कोड्याकडूनच शिकावे.

हा समज का रुजला, हे समजण्यासारखे आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत एकूण ९०० गुण असतात. त्यांपैकी ४०० गुण भौतिकशास्त्रापासून चालू घडामोडींपर्यंत सगळे पोटात घेणाऱ्या सामान्य ज्ञानाच्या भागाला आहेत. म्हणून सहावीतल्या मुलाच्या हातीही एका ओळीत प्रश्न आणि एका शब्दात उत्तर असलेली पुस्तिका येते. सर्वात उंच, सर्वात लांब, पहिला कोण, राजधानी कोणती. सुट्टीत घरी गेल्यावर पाहुण्यांसमोर त्याची उजळणीही होते. मूल धडाधड उत्तरे देते आणि सगळ्यांना बरे वाटते.

पण एक प्रयोग करून पाहा. जगातील सर्वात उंच रणभूमी कोणती, असे विचारा. ‘सियाचीन’ हे उत्तर प्रश्न संपण्याआधी येईल. आता त्या हिमनदीतून कोणती नदी निघते ते विचारा. तेथे १३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झालेल्या मोहिमेचे नाव काय, आणि तेच नाव का ठेवले असेल, असेही विचारा. बहुतेक वेळा येथे शांतता पसरते. उत्तरे अवघड नाहीत. सियाचीनमधून नुब्रा निघते, ती श्योकला मिळते आणि श्योक सिंधूला. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन मेघदूत’. कालिदासाच्या काव्यातला यक्ष रामगिरीवरून मेघाला हिमालयाकडे निरोप घेऊन पाठवतो, आणि तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे परंपरेने मानले जाते. आता सियाचीन हा शब्द एकटा राहिला नाही. भूगोल त्याला एका बाजूने छेदून गेला, इतिहास दुसऱ्या आणि साहित्य तिसऱ्या बाजूने. असा शब्द सहसा विसरला जात नाही, आणि विसरलाच तरी आजूबाजूच्या शब्दांवरून पुन्हा सापडतो.

शब्दकोड्याची सगळी रचना याच छेदण्यावर उभी आहे. समजा, आडव्या शब्दाचे सूचक आहे ‘ढग’ आणि घरे आहेत तीन. मेघ बसत नाही, कारण त्याची अक्षरे दोनच. मग जलद की नीरद? वारिद की अंबुद? अर्थ चारींचा तोच आणि अक्षरेही तीनच. अशा वेळी घाईने पेनाने एक शब्द लिहून मोकळा होणारा कॅडेट पुढे अडकतो. विचारी कॅडेट पाहतो, की चारही शब्दांच्या शेवटी ‘द’ आहे. तो फक्त ‘द’ लिहितो आणि उभ्या शब्दाकडे वळतो. उभ्या शब्दाने पहिल्या घरात ‘वा’ दिला, की वारिद नक्की होतो. जे खात्रीचे आहे तेवढेच लिहायचे आणि बाकीच्यासाठी दुसरीकडून पुरावा शोधायचा, ही सवय हजार प्रश्नोत्तरे पाठ करून लागत नाही.

यात आणखी एक लाभ आहे. ‘द’ म्हणजे देणारा, म्हणून पाणी देणारा तो जलद. त्याच जागी जन्मलेला या अर्थाचा ‘ज’ ठेवला, की जलज, नीरज, वारिज, अंबुज अशी कमळे तयार होतात. ‘धी’ ठेवला, की जलधी आणि अंबुधी हे समुद्र होतात. पाठ करायला गेलो तर हे दहा शब्द आहेत; समजून घेतले तर पाण्याचे चार शब्द आणि तीन प्रत्यय. शुद्धलेखनाचेही तसेच. ‘नीरद’ शब्दातला ‘नी’ ऱ्हस्व लिहिला, तर त्या घरातून खाली जाणारा ‘नीती’ शब्द बिघडतो. लाल शाईने दहा वेळा सांगूनही जे होत नाही, ते एक अडलेले घर करून दाखवते.

कोड्याला वेळेचा अपव्यय म्हणणारे पूर्वीही होते. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. कोड्यांची लाट आली तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२४ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली होती. त्याच वर्तमानपत्राने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचे कोडे सुरू केले. अमेरिका महायुद्धात उतरली होती आणि वाचकांच्या मनाला विरंगुळा हवा होता. त्याच्या महिनाभर आधी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. तिच्यात भाग घेतलेल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्क येथे, शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर बोलावण्यात आले.

गणवेशातल्या प्रत्येकाने वाचावी अशी हकिगत मात्र १९४४ ची आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जूनला सैन्य उतरणार होते. त्याआधीच्या महिनाभरात याच ‘टेलिग्राफ’च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून हे शब्द उत्तरे म्हणून आले. वेगवेगळे पाहिले तर यूटा हे अमेरिकेतले राज्य आहे, ओमाहा हे शहर, मलबेरी म्हणजे तुती आणि नेपच्यून हा समुद्रदेव. पण पाचही शब्द त्या मोहिमेशी संबंधित सांकेतिक नावे होती. ती नावे एकमेकांना छेदतात, हे गुप्तहेर खात्याच्या लक्षात आले आणि कोडी रचणारे मुख्याध्यापक लिओनार्ड डॉ यांची चौकशी झाली. हेरगिरी निघाली नाही. चाळीस वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, की ते मुलांकडून कोड्यांसाठी शब्द भरून घेत, आणि जवळच्या तळावरच्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले हे शब्द त्यानेच दिले होते. निरुपद्रवी वाटणारा शब्द कोठे बोलावा आणि कोठे बोलू नये, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

याचा अर्थ प्रश्नमंजूषा वाईट, असा नाही. १९७२ मध्ये रेडिओवर सुरू झालेली बोर्नव्हिटा क्विझ कित्येक घरांनी कान देऊन ऐकली. २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, तेव्हा सामान्य ज्ञानाला घराघरांत मान आला. पण त्या कार्यक्रमांची खरी गंमत पडद्याबाहेर होती. आजोबा एक पर्याय सांगत, आई दुसरा, आणि असे का, यावर जेवण होईपर्यंत वाद चाले. आज मोबाईलवर एकट्याने चार पर्यायांतला एक दाबला जातो, हिरवा किंवा लाल रंग दिसतो आणि पुढचा प्रश्न येतो. तो ‘का’ मधल्या मध्ये गळून पडतो.

कोडी सोडवल्याने बुद्धी तल्लख होते किंवा परीक्षेत गुण वाढतात, असा दावा मी करणार नाही. पुस्तिकाही फेकून देऊ नयेत. परीक्षेआधी उजळणीला त्या लागतातच. माझ्या सूचना तीन आणि साध्या आहेत. प्रत्येक हाऊसच्या फलकावर रविवारी एक कोडे लावावे, सोबत दोरीला पेन्सिल बांधावी आणि सगळ्यांनी मिळून ते आठवडाभर सोडवावे. सामान्य ज्ञानाच्या तासाला प्रत्येक उत्तरानंतर त्याला छेदणारा आणखी एक प्रश्न विचारावा. आणि पालकांनी, विशेषतः ज्यांची मुले महाराष्ट्रापासून दूर शिकतात त्यांनी, पत्रासोबत घरच्या मराठी वर्तमानपत्रातले एखादे कोडे कापून पाठवावे, अर्धे सोडवलेले. उरलेले अर्धे मूल सोडवून परत पाठवील, आणि अडलेल्या घरांबद्दल रविवारच्या फोनवर बोलायलाही विषय मिळेल.