घरबसल्या डॉक्टर, तेही १८ महिन्यांत!

परवा रात्री साडेदहाला एका स्नेह्यांचा फोन आला. लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत परचेसला आहेत, वीस-एकवीस वर्षं झाली. एमबीए फर्स्ट क्लास. वय सेहेचाळीस. म्हणाले, "भाऊ, एक लिंक पाठवलीय, बघा जरा. पैसे भरायची शेवटची तारीख उद्या आहे."

लिंक उघडली. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी, १८ महिन्यांत, घरबसल्या. सिनॉप्सिसपासून थिसिसपर्यंत सगळी मदत. फी साडेतीन लाख, हप्त्याने. वर लिहिलेलं, 'अनुभवी व्यावसायिकांसाठी प्राध्यापक होण्याची संधी'.

मी त्यांना एकच सांगितलं, पैसे भरू नका. ते जरा नाराज झाले. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण अशा लिंका आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या व्हॉट्सॲपवर फिरत असणार.

आपल्याकडे पीएचडी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीई दोघांनी मिळून जाहीर केलं होतं की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून विकतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. आणि पीएचडीची किमान मुदतच तीन वर्षं आहे, कोर्सवर्क धरून. म्हणजे '१८ महिने' हा आकडा वाचला की पुढचं वाचायचीही गरज नाही. देशातही सगळं आलबेल आहे असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना यूजीसीने पाच वर्षं पीएचडी प्रवेश द्यायला बंदी केली.

पण नुसतं 'फसू नका' म्हणून मला पोस्ट संपवायची नाही. हा माणूस त्या लिंकपर्यंत का पोचला, ते बघायला पाहिजे.

सरळ मार्ग आहे अर्धवेळ पीएचडीचा. नोकरी सांभाळून करता येते, कायद्याने. त्यासाठी मालकाचं ना हरकत पत्र लागतं. त्यात काय लिहून द्यायचं? एक, याला अर्धवेळ पीएचडीची परवानगी आहे. दोन, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो. तीन, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू. आता मला सांगा, लोट्यातला कुठला मॅनेजर स्वतःच्या सहीने लिहून देईल की माझ्या माणसाकडे पुरेसा वेळ आहे? दुसऱ्या दिवशी त्याला दोन कामं जास्त लागतील! हा नियम सरकारी नोकर आणि प्राध्यापक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय असं मला वाटतं.

मग गाइड. प्राध्यापकाला एकावेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी. गाइड कायमस्वरूपी नोकरीतला पाहिजे. आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत कायम माणसं किती आणि सीएचबीवर तासाच्या हिशोबाने राबणारे किती, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाखाली. चिपळूणच्या माणसाने शनिवारी कोर्सवर्कला कालिन्याला जायचं तर शुक्रवारी रात्री कोकणकन्या धरायची. महामार्गाने जायचं म्हणाल तर, असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दूरस्थ पीएचडीवरची बंदी योग्य आहे, उठवली तर गल्लोगल्ली दुकानं लागतील. पण अर्धवेळचा दरवाजा कागदावर उघडा आणि प्रत्यक्षात बंद असेल तर माणसं खिडकीतून शिरणारच. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. ते शनिवार-रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी घेणं अशक्य आहे का? रत्नागिरीत विद्यापीठाचं उपकेंद्र आहेच.

आणि अशा माणसाकडे संशोधनाला विषय नसतो असं कोण म्हणतं? छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, हा कायदा २००६ चा. आता वेळेत दिलं नाही तर मोठ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही, ही दुरुस्ती अलीकडची. यामुळे लहान सप्लायरला पैसे लवकर मिळायला लागले, की मोठ्यांनी ऑर्डरच दुसरीकडे वळवल्या? परचेसला वीस वर्षं बसलेल्या माणसाइतकं हे कोण शोधू शकेल?

अजून एक गोष्ट, जी त्यांना कुणीच सांगितली नव्हती. एआयसीटीईच्या मान्यतेच्या मॅनेजमेंट संस्थेत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतच नाही. फर्स्ट क्लास एमबीए आणि त्यानंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव ही किमान अट आहे. साध्या सीनियर कॉलेजला नेट-सेट लागते, आणि जुलै २०२३ पासून तिथेही पीएचडी ऐच्छिक आहे. पुढे बढतीला पीएचडी लागते, ते खरं. पण नोकरी लागण्याआधीच साडेतीन लाख कशाला घालवायचे? संस्थाचालक मुलाखतीत 'डॉक्टरेट आहे का' विचारतात, कारण नॅकच्या फाइलला ते दिसायला बरं दिसतं.

मलाही मागे एका कॉलेजात पत्रकारितेचे तास घ्यायला बोलावलं होतं. वीस वर्षं बातम्या लिहितोय, हाताशी डिप्लोमा. पहिला प्रश्न, "सर, नेट-सेट?" चहा पिऊन परत आलो. त्यामुळे स्नेह्यांची नाराजी मला कळते.

आता ते सरळ मार्गाने जायचं म्हणतायत. ना हरकत पत्राचा मसुदा मीच लिहून दिला, तो सोमवारपासून एचआरच्या टेबलावर पडून आहे. चिपळूण, खेड, रत्नागिरी भागात खासगी कंपनीत राहून कुणी अर्धवेळ पीएचडी केली असेल, तर हे पत्र कसं मिळवलंत ते कॉमेंटमध्ये सांगा. नाहीतर सरळ फोन करा, नंबर आहेच तुमच्याकडे.